तीनला चवथ: एका चाचणीचं प्रकरण

रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर मधोमध एक ओळ आहे: "घड्याळ ओळखता येत नाही. तीनला चार, सहाला आठ, नऊला बारा म्हणतो." पुढे निष्कर्ष, मध्यम बौद्धिक अक्षमता. खाली सही आणि शिक्का. माझ्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. या ओळीपायी त्याची शाळा जवळजवळ सुटली होती, म्हणून हे प्रकरण मी तिथूनच सुरू करते.

प्रकरण लिहिण्याची एक पद्धत असते हे मला आता ठाऊक आहे. आधी वय, मग जन्माचा इतिहास, मग तक्रार, मग निरीक्षणं. माझ्या मुलाबद्दल या पद्धतीने पाच वेळा लिहून झालंय आणि पाचही वेळा लिहिणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता. हे सहावं. लिहिणारी त्याची आई आहे, तेव्हा निःपक्षपाताची अपेक्षा ठेवू नका.

मुलगा, वय तेव्हा सात वर्षं दोन महिने. राहणार मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत. घरात आजी, आजो, आईवडील. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, नवऱ्याचं किराणा दुकान. सासरे जन्मभर रापणीत. रापण म्हणजे होडीतून समुद्रात जाळं टाकून यायचं आणि मग वीस-तीस जणांनी किनाऱ्यावरून ते ओढायचं. हे काम पाण्याच्या वेळेवर चालतं, घड्याळाच्या नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या दिवसाचं सांगते. २०२२ चा जून. बौद्धिक चाचणीसाठी घाटावरच्या एका शहरातल्या केंद्रात तारीख मिळाली होती. आमच्याकडून मोठ्या तपासणीला एकतर गोव्याला उतरायचं, नाहीतर घाट चढायचा. पहाटे सव्वापाचची एसटी धरली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पावसात रापणही नसते, म्हणून सासरे मोकळे होते आणि हौसेने बरोबर आले. फोंडा घाटात धुकं, पोराला दोनदा उलटी. साडेदहाला केंद्रात पोचलो, आत बोलावलं पावणेदोनला. मधल्या वेळात त्याने बिस्किटालाही तोंड लावलं नाही, कारण ते घरच्या डब्यातलं नव्हतं.

खोलीत पंखा होता आणि त्याची एक पाती दर फेऱ्याला कशाला तरी घासत होती. तो आत आला, पंख्याकडे बघितलं आणि कानांवर हात ठेवले. मग म्हणाला, "माझ्याकडे बघ."

चाचणी घेणाऱ्या मॅडमनी कौतुकाने मान हलवली आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला पुढे रिपोर्टात वाचायला मिळालं: स्वतःहून संवाद सुरू करतो (एकदा), मात्र नजर देत नाही.

"माझ्याकडे बघ" याचा माझ्या मुलाच्या भाषेत अर्थ "मला भीती वाटते" असा आहे. चार वर्षांचा असताना एका थेरपिस्टकडे आम्ही आठ महिने जात होतो. त्या ताई त्याची हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडे बघ." एका बैठकीत वीस-वीस वेळा. तो बघायला शिकला नाही, वाक्य तेवढं शिकला. तेव्हापासून केस कापायला बसलं की, विजा कडाडल्या की, गणपतीत ढोल जवळ आला की तो म्हणतो, "माझ्याकडे बघ." ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं याला तज्ज्ञ इकोलालिया म्हणतात. फार काळ ही नुसती पोपटपंची मानली जायची. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुचान या भाषातज्ज्ञांनी १९८१ सालीच दाखवून दिलं होतं की या पुनरुक्तीलाही कामं असतात. मूल तीतून मागतं, होकार देतं, स्वतःला सावरतं. चाळीस वर्षं झाली त्याला. पण कागदावर अजून चौकोन दोनच, "बोलतो" आणि "अर्थहीन बोलतो".

मी सांगायला तोंड उघडलं. "आई, तुम्ही मध्ये बोलू नका प्लीज. चाचणी आहे." इथे मॅडमची बाजूही मांडते. चाचणीचे नियम असतात, पालकांनी सुचवलं तर गुण बाद होतात, हे मला मान्य आहे. बाहेर बाकावर आणखी नऊ मुलं होती तेही मी पाहिलं होतं. पण पंखा बंद करा एवढं सांगणं म्हणजे काही उत्तर फोडणं नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली, तेव्हापासून आवाज, स्पर्श, उजेड यांची जास्त किंवा कमी जाणीव ही ऑटिझमच्या निकषांतच आहे. ज्या खोलीत ऑटिझम तपासायचा तिथला पंखा आधी तपासायला हवा.

मग लाकडी पाटी आली, दहा आकारांच्या खाचा असलेली. प्रत्येक ठोकळा आपापल्या खाचेत बसवायचा. ती त्याने झपाट्याने केली. मॅडमनी ठोकळे काढून पुन्हा समोर ठेवले, कारण ही चाचणी तीनदा घ्यायची असते. त्याच्या लेखी काम झालं होतं. झालेलं काम मोडून परत का करायचं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर मलाही नव्हतं. रिपोर्टात: दुसऱ्या फेरीस असहकार. मला विचारलेल्या प्रश्नावलीत एक प्रश्न जिना चढण्याचा होता. आमच्या वाडीत जिना असलेलं एकही घर नाही. मी म्हटलं, देवळाच्या पायऱ्या चढतो. त्याचं काय केलं देव जाणे.

आणि मग घड्याळाची चित्रं.

पहिलं चित्र, काटे तीनवर. "किती वाजले?"

"चवथ," तो म्हणाला.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर सासरे मोठ्याने हसले, आणि ते हसू चेष्टेचं नव्हतं. "आजोबा, जरा लांब बसा."

दुसरं चित्र, सहा. "आठम." तिसरं, नऊ. "बारस."

मॅडम घाटावरच्या. चवथ म्हणजे चतुर्थी, आठम म्हणजे अष्टमी, बारस म्हणजे द्वादशी, हे कानावर पडलं असतं तर कदाचित त्यांनाही कळलं असतं. त्यांनी ऐकलं चार, आठ, बारा. एवढंच ऐकलं तरी चालण्यासारखं होतं. तीनला चार, सहाला आठ, नऊला बारा ही उत्तरं चुकीची धरली तरी एकाच मापाने चुकलेली आहेत. ज्या मुलाला घड्याळ कळत नाही त्याची चूक इतकी नेमकी कशी, हा प्रश्न चाचणी घेणाऱ्याला पडायला हवा होता. माझा खरा राग त्या न पडलेल्या प्रश्नावर आहे. मालवणी न येण्यावर नाही.

आता हिशोब. आमच्याकडे दर्यावर जाणाऱ्या म्हाताऱ्यांना भरतीची वेळ बघायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार सुकतही नाही. सासऱ्यांच्या वेळच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे, त्यातली पाऊणकी त्यांना जन्मभर पुरली. नातू भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर तासन्‌तास उभा राहायचा. (कालनिर्णय सुरू करणारे जयंत साळगावकर मालवणचेच, त्यामुळे आमच्याकडे त्या भिंतीला थोडा जास्तच मान.) आजो विचारायचा, "आज काय रे झिला?" तो तिथी सांगायचा. मग आजो सूर लावायचा, "चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ." पोरगं तेच त्याच सुरात परत. पुनरुक्ती, हो. पण तीन-चार महिन्यांत तो न शिकवलेल्या तिथींच्याही वेळा सांगू लागला. षष्ठीला साडेचार. दशमीला साडेसात. ही काही नुसती पुनरुक्ती म्हणायची नाही.

तेव्हा मॅडमनी तीनवरचं घड्याळ दाखवलं आणि त्याने सांगितलं की ही चवथीच्या भरतीची वेळ. त्याला घड्याळ येत नाही असं नाही. घड्याळ कशासाठी असतं याची त्याची समजूत वेगळी आहे.

इथवर मॅडमचा दोष सांगितला. आता माझा.

पावणेचार वर्षांचा असताना एका नावाजलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं, "घरात मालवणी, शेजारी मराठी, टीव्हीवर हिंदी, पुढे शाळेत इंग्रजी. त्याचा मेंदू गोंधळलाय. एकच भाषा ठेवा. शुद्ध मराठी ठेवा." शुद्ध हा शब्द त्यांचाच. तोवर तो भूक लागली की म्हणायचा, "तुका भूक लागली?" आजी त्याला रोज हेच विचारायची, म्हणून त्याच्यासाठी भुकेचं वाक्य ते. सर्वनाम उलटं होतं, पण जेवण मिळत होतं. मी घरी आले आणि फर्मान काढलं. आजपासून याच्याशी मालवणी बंद.

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. "मगे मी तेच्याशी खंयच्या भाषेत बोलू?"

त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. चौदा महिने त्या नातवाशी जवळपास बोलल्या नाहीत. पेज वाढायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या, गप्प. सासरे पाऊणकी म्हणायचे थांबले. मी आणि नवरा पुस्तकातल्यासारखं बोलायचो, "बाळा, तुला भूक लागली आहे का?" आणि पोरगं आमच्याकडे असं बघायचं की घरात परकी माणसं शिरलीत. "तुका भूक लागली?" गेलं. त्या जागी काहीच आलं नाही. भूक लागली की तो जमिनीवर डोकं आपटू लागला. पुढच्या तपासणीत नोंद झाली: स्वतःला इजा करण्याचं वर्तन, वाढतं.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्येच ऑटिझम असलेल्या मुलांची तुलना केली होती, एकभाषी घरांतल्या आणि द्विभाषी घरांतल्या. द्विभाषी घरांतल्या मुलांची भाषा त्यामुळे आणखी मागे पडलेली दिसली नाही. हे मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, पतसंस्था अर्धवेळ सुरू असताना, मोबाइलवर वाचलं. त्याच रात्री सासूबाईंना सांगितलं की बोला. त्या म्हणाल्या, "आता काय बोलू?" आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा आवाज आला, "काय रे झिला, उठलंस?" तो उठला नाही. पण पांघरुणातून "उठलंस" असं ऐकू आलं.

तज्ज्ञांवर चिडताना हे चौदा महिने मला मध्ये येतात. सल्ला त्यांचा होता, पण बंदी मी घातली होती. आपल्या माणसांपेक्षा कोट घातलेल्या माणसावर आधी विश्वास बसतो.

त्याआधीचं सगळं थोडक्यात. अंगणवाडीच्या बाईंना आधी शंका आली, अडीच वर्षांचा असताना. डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. दुसरे म्हणाले, मोबाइल बंद करा. (मोबाइल त्याला दिलेलाच नव्हता.) कानाची बेरा तपासणी झाली, कान ठीक निघाले. एका समुपदेशक बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही कामावर परत कधी गेलात?" मी म्हटलं, आठव्या महिन्यात. त्यांनी ते दोनदा अधोरेखित केलं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवरचा लेख लिहिला, तेव्हापासून थंड आईबापांचा संशय या विषयाला चिकटलाय. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये तो पार वाढवून ठेवला. खरं तर बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्याला सुरुंग लावला होता, आणि ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण ऑटिझम असलेल्या मुलाचे बापही होते. आमच्यापर्यंत अधोरेखित करणारी पेन्सिल तेवढी पोचली, सुरुंग नाही.

तर रिपोर्ट. तो शाळेत गेला आणि चक्रं फिरली. पहिलीतून दुसरीत जाणारं पोर. शाळेतून निरोप आला की अशा मुलांसाठी वेगळी निवासी शाळा असते, तिथे बघा. मी कायदा वाचून गेले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय, स्वमग्नता त्यात आहे, आणि सहा ते अठरा वर्षांच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा हवी असल्यास विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड आमची. शाळेने कायदा नाकारला नाही. फक्त रिपोर्ट पुढे केला. "आम्ही नाही म्हणत, मॅडम. तज्ज्ञ म्हणतात." घड्याळाच्या ओळीवर बोट होतं.

केंद्राला मी पत्र लिहिलं. चार तिथी, चार वेळा, पाऊणकी आणि विनंती की ओळ दुरुस्त करावी. तीन आठवड्यांनी फोनवर उत्तर: रिपोर्ट बदलता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्या. मी विचारलं, मी लिहिलंय ते खरं आहे का ते कोणी तपासलं? पलीकडचा माणूस नम्र होता. "तुमच्या भावना समजतात."

माझ्या भावना! मी हिशोब पाठवला होता.

वाट निघाली ती तालुक्यावरून गावोगाव फिरणाऱ्या एका विशेष शिक्षिकेमुळे. त्याही काही देवदूत नव्हत्या. तीनदा तारीख देऊन आल्या नाहीत, चौथ्यांदा पावसात भिजत स्कूटरवरून आल्या. पण आल्या त्या पडवीत बसल्या, पिशवीतून एकही कार्ड काढलं नाही आणि सासूबाईंना विचारलं, "दिवसभर ह्यो काय काय करता?" त्या कुडाळकडच्या. सासूबाई दीड तास बोलल्या. चौदा महिन्यांचं साचलेलं असावं. जाताना त्यांनी मला सांगितलं की दुसरी चाचणी घ्या, मालवणी समजणारं माणूस बरोबर न्या आणि त्याचे घरातले व्हिडिओ घेऊन जा.

दुसरी चाचणी पुढच्या वर्षी, दुसरीकडे झाली. त्या वेळचे मानसशास्त्रज्ञ तरुण होते. त्यांनी स्वमग्नतेची भारतीय मोजपट्टी लावली. तीत चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तरच्या खाली आलं तर ऑटिझम नाही, एकशे सहापर्यंत सौम्य, एकशे त्रेपन्नपर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. ही पट्टी भरायची ती मुलाला बघून आणि पालकांना विचारून. त्यांनी खरंच विचारलं. एक मुद्दा असामान्य स्मरणशक्तीचा आहे. तिथे आमच्या कालनिर्णयला पाच गुण मिळाले, म्हणजे तिथ्या पाठ असणं ऑटिझमच्या खात्यात जमा झालं. मला हसू आलं, त्यांनाही. एकूण आकडा मध्यममध्ये आला.

तो यायलाच हवा होता. मला ऑटिझम खोडून हवा होता असं काही जणांना वाटतं, नातेवाइकांनाही. मुळीच नाही. त्याला ढोल सहन होत नाही, चपलेचा पट्टा बदलला तर दोन दिवस जातात, पाटावर वाढलेल्या पेजेला भाजीचा थेंब लागला तर ती पेज संपली. हे सगळं आहे आणि राहील. माझं भांडण "बौद्धिक अक्षमता, मध्यम" या शब्दांशी होतं. नव्या रिपोर्टात ते नाहीत. बौद्धिक क्षमतेबद्दल त्यांनी लिहिलं की तोंडी चाचणीतून आज ती नीट मोजता येत नाही. कोणी तज्ज्ञ लेखी "मोजता येत नाही" असं म्हणालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांची फी पहिल्या केंद्राच्या निम्मी होती, हेही जाता जाता.

शाळा तीच राहिली. आता तो चौथीत आहे. मागच्या बाकावर नाही, खिडकीपाशी, कारण तिथे पंखा लांब पडतो. वाचतो, लिहितो फारच कमी. गणिताच्या तासाला कधी पुढे, कधी बाकाखाली. भूक लागली की परत म्हणतो, "तुका भूक लागली?" आणि आम्ही वाढतो.

जुना रिपोर्ट शाळेच्या फायलीत अजून आहे. काढता येत नाही म्हणतात. दर जूनला वर्गशिक्षक बदलले की फाइल नव्या हातात जाते आणि सगळ्यात आधी तीच ओळ वाचली जाते, म्हणून मी फायलीच्या वर एक पान लावून ठेवलंय. सासऱ्यांच्या अक्षरात, वळणदार, तीनच ओळी: चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ.

यंदा आलेल्या बाई देवगडच्या. पान वाचून त्यांनी फाइल मिटली आणि त्याच्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत विचारलं, "पुनवेक कितक्या वाजता रे?"

"सव्वा अकरा," तो म्हणाला.